मुक्या एन्व्हिसॅटची गिरकी आणि ग्राझच्या टेकडीवरचा लेझर

८ एप्रिल २०१२ ला एन्व्हिसॅट गप्प झाला. युरोपियन अंतराळ संस्थेचा, म्हणजे ईसाचा, हा उपग्रह दहा वर्षं समुद्र, बर्फ, जमीन आणि वातावरण यांची मोजमापं नेमाने पाठवत होता. त्या दिवशी त्याच्याकडून माहिती येणं थांबलं ते थांबलंच. महिनाभर आज्ञा पाठवून झाल्या. फ्रान्सच्या प्लेआद उपग्रहाने सुमारे शंभर किलोमीटरवरून त्याचा फोटो काढला. त्यात सौरपंख जागच्या जागी दिसत होता. जर्मनीतल्या वाख्टबर्गच्या टिरा रडारनेही त्याच्या प्रतिमा घेतल्या. ९ मे रोजी ईसाने मोहीम संपल्याचं जाहीर केलं. वीज नियंत्रित करणाऱ्या भागात बिघाड होऊन दोन्हीकडचा संपर्क तुटला असावा, किंवा शॉर्टसर्किटमुळे सुरक्षित अवस्थेत जाताना वाटेत दुसरा काही घोटाळा झाला असावा, असे दोन अंदाज मांडले गेले. अंदाजच, कारण झाकण उघडून बघायला तिथे जाणार कोण?

इथवरची गोष्ट तेव्हा बातम्यांतही आली होती. मला जास्त रस आहे तो त्यानंतरच्या प्रश्नात. तोल सांभाळणारी यंत्रणा बंद पडल्यावर हा आठ टनांचा उपग्रह नक्की कसा फिरतोय? कोणत्या अक्षाभोवती, किती वेगाने, कोणत्या दिशेने? याचं नेमकं उत्तर २०१३ सालच्या मोजमापांतून मिळालं. ते मिळवण्यात ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराच्या टेकडीवरची वेधशाळा होती, आणि तिने दहा वर्षं आधी घेतलेला, वरवर उलटा वाटणारा एक निर्णय होता. हे प्रकरण मी मांडतोय ते मुख्यतः त्या निर्णयासाठी.

गिरकी कळून करायचं काय?

एन्व्हिसॅट १ मार्च २००२ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ रॉकेटवर गेला. त्याच्यावर दहा उपकरणं होती. पाच वर्षं चालावा म्हणून बांधला होता, चालला दहा. पसरलेल्या सौरपंखासह त्याची लांबी सुमारे २६ मीटर. बंद पडला तेव्हा तो पृथ्वीपासून पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास, ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत होता. या पट्ट्यात उपग्रहांची आणि भंगाराची गर्दी मोठी. हवा इतकी विरळ की तो आपोआप खाली यायला दीडशे वर्षांच्या आसपास लागतील असा हिशेब आहे.

म्हणजे कधीतरी कुणीतरी जाऊन त्याला उतरवायचं म्हटलं, तर पहिला प्रश्न पकडण्याचा. जवळ जाणाऱ्या यानाचा हात त्याला धरणार असेल तर तो हात कुठे, कधी आणि कोणत्या वेगाने पुढे करायचा हे गिरकीवर ठरतं. शिवाय चौदा मीटरचा सौरपंख सोबत फिरतोय. त्याची धडक बसली तर एका भंगाराची हजार भंगारं होतील. दुसरं कारण कमी चर्चेतलं, पण रोजच्या कामाचं आहे. उपग्रहाची कुठली बाजू पुढे आहे यावर त्याला होणारा हवेचा विरोध आणि सूर्यप्रकाशाचा दाब ठरतो, त्यामुळे त्याची पुढची जागा वर्तवण्यातही गिरकीचा वाटा असतो.

हे मोजायचे इतर मार्ग होते. दुर्बिणीतून त्याची चमक कमी-जास्त होताना नोंदवता येते, पण चकचकीत पृष्ठभाग अनेक असले की एका फेरीत तो किती वेळा चमकला हे ठरवणं अवघड होतं आणि आवर्तनकाळ दुप्पट-निमपट चुकू शकतो. टिरासारख्या रडारची प्रतिमा उत्तम, पण तशी रडारं जगात मोजकी, आणि त्यांच्यापुढे कामांची रांग. उरला लेझर.

टेकडीवरचं स्टेशन

ग्राझच्या पूर्वेकडच्या टेकडीवर, लुस्टब्युएलवर, वेधशाळा आहे. तिथलं उपग्रहांचं लेझर अंतरमापन ऑस्ट्रियन विज्ञान अकादमीची अंतराळ संशोधन संस्था चालवते. काम म्हटलं तर साधं. लेझरचा एक अतिशय छोटा स्पंद उपग्रहाकडे सोडायचा, तो परतायला लागलेला वेळ मोजायचा, त्यावरून अंतर काढायचं. असं पहिल्यांदा जमलं ते १९६४ साली, अमेरिकेच्या बीकन एक्सप्लोरर-बी या उपग्रहावर. तेव्हापासून तत्त्व बदललेलं नाही, अचूकता बदलली. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटीमीटर जातो. जाऊन-येऊन असल्यामुळे वेळेतली एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरातली १५ सेंटीमीटरची चूक. आजच्या चांगल्या स्टेशनांना मिलिमीटरांची भाषा करायची असते, म्हणून त्यांचं घड्याळ पिकोसेकंदांत, म्हणजे नॅनोसेकंदाच्या हजाराव्या भागांत, बोलतं.

यात सगळ्यांची पहिली ओढ असते ती जोरदार लेझरकडे. हजार किलोमीटर वर जाताना किरण पसरतो, तिथे पोचेपर्यंत त्याचा ठिपका काही डझन मीटरांचा झालेला असतो, परतताना पुन्हा पसरतो, आणि दुर्बिणीच्या तोंडात येतो तो अंश जवळजवळ शून्य. तेव्हा प्रत्येक स्पंदात शक्य तितकी ऊर्जा भरायची, म्हणजे परत काहीतरी येईल, हा विचार चुकीचा नाही. बरीच स्टेशनं वर्षानुवर्षं असंच करत होती: सेकंदाला पाच-दहा स्पंद, पण दणकट. ग्राझचाही आधीचा लेझर सेकंदाला दहा स्पंदांचाच होता.

ऑक्टोबर २००३ मध्ये गेऑर्ग किर्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बदलला. नवा लेझर सेकंदाला २,००० स्पंद सोडणारा, पण प्रत्येक स्पंदात ऊर्जा अवघी ०.४ मिलिज्यूल. गुणाकार करून पाहिला तर सरासरी शक्ती ०.८ वॅट, एक वॅटसुद्धा नाही. स्पंदाची लांबी १० पिकोसेकंद, म्हणजे हवेत जाताना हिरव्या प्रकाशाची ती चकती जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. नियमित कामासाठी किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला हजारांनी स्पंद सोडणारा, लेझर वापरणारं जगातलं हे पहिलं स्टेशन.

हिशेब बघण्यासारखा आहे. ०.४ मिलिज्यूलच्या हिरव्या स्पंदात सुमारे दहा कोटी कोटी फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, असतात. परत येतो तो एखादा, तोही दर वेळी नाही. म्हणून शोधकही एकट्या फोटॉनला पकडणारा हवा. ग्राझच्या गटाने प्रागच्या चेक तांत्रिक विद्यापीठातल्या लोकांबरोबर अशा एकफोटॉनी हिमस्खलन डायोडवर बराच काळ काम केलं होतं, ती तयारी इथे कामी आली. एक फोटॉन पुरणार असेल तर दणकट स्पंदाची गरज संपते. उलट दणकट स्पंदात एक सूक्ष्म गोची असते: परतीत कधी एक, कधी पन्नास फोटॉन आले की शोधक कधी उशिरा, कधी लवकर जागा होतो आणि अंतर तितकं सरकतं. नेहमी एकेकटाच फोटॉन येत असेल तर ही भानगडच राहत नाही.

फुकट मात्र काही मिळत नाही. उपग्रह हजार किलोमीटरवर असेल तर स्पंद जाऊन यायला साडेसहा मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि इथे दर अर्ध्या मिलिसेकंदाला नवा स्पंद सुटतोय. म्हणजे कुठल्याही क्षणी तेरा स्पंद वाटेत आहेत. परत आलेला फोटॉन त्यांतल्या कुणाचा हे ओळखावं लागतं. शोधकाची खिडकी परतीच्या अपेक्षित क्षणाच्या जरा आधी उघडावी लागते, सेकंदाला दोन हजार वेळा. शिवाय एखादा स्पंद सुटत असतानाच दुसरा परतत असेल, तर सुटणाऱ्याचा हवेतून विखुरलेला प्रकाश परतणाऱ्याला गिळून टाकतो. म्हणून सोडण्याची वेळ जराशी मागेपुढे सरकवत राहावी लागते. हे सगळं करणारी इलेक्ट्रॉनिक्स ग्राझच्या लोकांनी स्वतः बांधली. माझ्या मते या प्रकरणातलं खरं कर्तृत्व इथे आहे. लेझर विकत मिळतो.

आणि हे सगळं एन्व्हिसॅटसाठी केलेलं नव्हतं. तो तेव्हा दीड वर्षाचा, धडधाकट होता. हेतू होता अंतराची अचूकता वाढवण्याचा. पण मोजण्या दाट झाल्यावर लक्षात आलं की त्यांत उपग्रहाची गिरकीही दिसते. जपानचा अजिसाई हा गोळा १९८६ पासून फिरतोय, त्याच्यावर १,४३६ परावर्तक आहेत. ग्राझच्या दाट मोजण्यांत त्यांच्या रांगा एकापाठोपाठ समोर येताना वेगळ्या ओळखू येऊ लागल्या आणि त्यावरून त्याचा परिवलनकाळ काढता आला. तेव्हा एन्व्हिसॅट गप्प झाला त्याच्या आधीच ही रीत हाताखालून गेलेली होती.

काचेचे नऊ तुकडे

एन्व्हिसॅटच्या पृथ्वीकडच्या अंगाला एक छोटासा घुमट होता. त्यात मध्यभागी खाली बघणारा एक आणि भोवती तिरके बसवलेले आठ, असे नऊ कॉर्नर क्यूब. कॉर्नर क्यूब म्हणजे खोलीच्या कोपऱ्यासारख्या एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन परावर्तक बाजू. प्रकाश कोणत्याही तिरक्या दिशेने आत येवो, तीन वेळा आपटून तो आल्या दिशेलाच परततो. आरशाचं तसं नाही; आरसा नेमका रोखलेला असावा लागतो.

एक बारकावा इथे सांगायलाच हवा, कारण तो कुणाच्या सहसा लक्षात येत नाही. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वेगाने पळत असतो, त्यामुळे परतणारा किरण किंचित पुढे झुकतो. हजार किलोमीटरला हा झुकाव पन्नास मीटरपर्यंत जातो. कॉर्नर क्यूब अगदी निर्दोष असेल तर प्रकाशाचा मुख्य झोत स्टेशनच्या बाजूला पडेल आणि दुर्बिणीला कमीच मिळेल. म्हणून परतीचा प्रकाश जरासा पसरेल अशा बेताने त्यांची घडण करतात. थोडक्यात, मुद्दाम थोडे बिघडवलेले.

हे परावर्तक बसवले होते ते उंचीमापक रडारसाठी. ते रडार समुद्राची पातळी सेंटीमीटरांत मोजायचं, आणि त्यासाठी उपग्रह स्वतः कुठे आहे हेही तितक्याच काटेकोरपणे कळायला हवं. दहा वर्षं लेझर स्टेशनांनी ते काम केलं. त्या घुमटाला ना वीज लागत होती ना आज्ञा. त्यामुळे बाकी सगळं बंद पडल्यावरही एक गोष्ट चालू राहिली: प्रकाश टाका, प्रकाश परत मिळेल. अट एवढीच की ती बाजू जमिनीला दिसली पाहिजे.

नागमोडी रेघ

२०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय लेझर अंतरमापन सेवेच्या मोहिमेत या मेलेल्या उपग्रहावर पुन्हा लेझर रोखले गेले. ही सेवा म्हणजे जगभरच्या स्टेशनांचं जाळं. १९९८ पासून ते एकाच वेळापत्रकाने आणि एकाच साच्यातल्या भाकितांनी चालतं. ग्राझ त्यातलं एक.

काम असं चालतं. उपग्रहाची भाकीत केलेली कक्षा संगणकात असते. त्यावरून प्रत्येक क्षणाचं अंतर काढता येतं. मोजलेल्या अंतरातून हे काढलेलं अंतर वजा केलं की उरतो तो फरक, आणि निरीक्षकाच्या पडद्यावर दिसतो तो हाच. तोल सांभाळणाऱ्या उपग्रहाच्या बाबतीत तो फरक म्हणजे गोंगाटाच्या ठिपक्यांतून निघणारी एक सरळशी रेघ. भाकीत थोडं चुकलं असेल तर हलकासा उतार. एन्व्हिसॅटची रेघ नागमोडी निघाली. वर, खाली, पुन्हा वर. मीटरांच्या हिशेबाची लाट, आणि एका पासमध्ये, म्हणजे उपग्रह उगवून मावळेपर्यंतच्या एका खेपेत, तिच्या अनेक फेऱ्या.

कारण उघड होतं. भाकीत असतं उपग्रहाच्या गुरुत्वमध्याचं, आणि प्रकाश परततो परावर्तकापासून. परावर्तक गिरकीच्या अक्षावर नसेल तर तो त्या अक्षाभोवती वर्तुळात फिरतो. जत्रेतल्या चक्रीत बसलेलं मूल लांबून पाहणाऱ्याला कधी जवळ येताना, कधी दूर जाताना दिसतं, तसंच. चक्री दिसत नसली तरी मुलाचं जवळ-दूर होणं मोजून तिचा वेग सांगता येतो.

यातली भूमिती सुंदर आहे. लाटेची उंची वर्तुळाच्या त्रिज्येवर ठरते, पण तितकीच आपण कुठून बघतोय यावरही. दृष्टिरेषा अक्षाला काटकोनात असेल तर लाट सगळ्यात मोठी. दृष्टिरेषा अक्षाच्याच दिशेने असेल तर परावर्तक आपल्यापासून सारख्याच अंतरावर फिरत राहतो आणि लाट नाहीशी होते. उपग्रह क्षितिजावरून वर येऊन पलीकडे मावळेपर्यंत दृष्टिरेषा सतत वळत असते, त्यामुळे एकाच पासमध्ये लाटेची उंची बदलत जाते. या बदलातून अक्षाची दिशा निघते. अनेक दिवसांचे, अनेक स्टेशनांचे पास एकत्र घेतले की ती दिशा पक्की होते.

आवर्तनकाळ मात्र लाटेतून थेट वाचता येत नाही. आपण बघतो ते चालत्या दृष्टिरेषेवरून, म्हणून दिसणारा काळ खऱ्या काळापेक्षा थोडा कमी किंवा जास्त असतो. ताऱ्यांवरून मोजलेला नाक्षत्र दिवस आणि सूर्यावरून मोजलेला सौर दिवस यांच्यात चार मिनिटांचा फरक पडतो तो याच जातीचा. हा फरक त्रास देतो खरा, पण तोच एक उपकारही करतो. उपग्रह एका दिशेने फिरत असेल तर फरक अधिकचा, उलट दिशेने असेल तर उणा. त्यामुळे गिरकी घड्याळाच्या दिशेने की उलट, हेही त्यातूनच समजतं.

दाट मोजण्यांचं मोल इथे कळतं. एन्व्हिसॅटची एक फेरी १३५ सेकंदांच्या आत-बाहेर निघाली. जुन्या दहा स्पंदांच्या लेझरने त्या वेळात जेमतेम साडेतेराशे स्पंद सुटले असते. त्यांतले परतणारे तर त्याहून कमी. दोन हजारांच्या लेझरने दोन लाख सत्तर हजारांच्या आसपास सुटतात. अगदी थोडे परतले तरी लाटेचा आकार भरीव उमटतो. नाही म्हणायला, संथ लेझरलाही एवढी मोठी लाट दिसली असती, आणि मोहिमेत इतर प्रकारच्या स्टेशनांच्या मोजण्याही वापरल्या गेल्या. तेव्हा किलोहर्ट्झशिवाय हे अशक्यच होतं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण आवर्तनकाळ दिवसागणिक मिलिसेकंदांनी बदलतोय हे पकडायचं तर मोजण्या दाट आणि बारीक असलेल्या बऱ्या.

आकडे

दानिएल कुखार्स्की, किर्शनर आणि इतर स्टेशनांतले सहकारी यांनी २०१३ मधल्या सात महिन्यांच्या मोजमापांवरून काढलेले निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. २५ सप्टेंबर २०१३ ला एन्व्हिसॅटचा परिवलनकाळ १३४.७४ सेकंद होता. गिरकी घड्याळाच्या उलट दिशेने. परावर्तकाचा अक्ष गिरकीच्या अक्षापासून २.५२ मीटर बाजूला. आणि परिवलनकाळ दिवसाला ३६.७ मिलिसेकंदांनी वाढत होता, म्हणजे उपग्रह हळूहळू मंदावत होता. हाच दर टिकला असता तर वर्षाला तेरा सेकंदांहून थोडी जास्त वाढ.

सेकंदाला अडीच-पावणेतीन अंश हा वेग ऐकायला किरकोळ वाटतो. पण पंखाचं टोक अक्षापासून पंधरा मीटरवर आहे असं धरा, तर ते सेकंदाला सुमारे सत्तर सेंटीमीटरने सरकत असतं, आणि मागे आठ टनांचं धूड. यांत्रिक हाताला हे झेपवणं सोपं नाही.

अक्षाचा आकडा मला सगळ्यात विलक्षण वाटतो. तो पृथ्वीच्या दिशेशी ६१.८६ अंशांचा आणि प्रवासाच्या दिशेशी ९०.६९ अंशांचा कोन करत होता, म्हणजे कक्षेच्या प्रतलाला लंब असलेल्या दिशेच्या उलट बाजूकडे रोखलेला, पण तिथून पृथ्वीकडे सुमारे २८ अंशांनी झुकलेला. आणि ही स्थिती कक्षेच्या संदर्भात सात महिने टिकून होती. बेवारस वस्तू म्हटल्यावर आपण कशाही कोलांट्या खाणारं काहीतरी डोळ्यांपुढे आणतो. इथे उपग्रह एका ठरावीक पवित्र्यात फिरत होता. लांबट वस्तूवर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा पीळ पडतो, सौरपंखावर प्रकाशाचा दाब पडतो, आणि धातूच्या अंगात पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रामुळे उठणारे विजेचे भोवरी प्रवाह गिरकीला लगाम घालतात. यांच्यातल्या ओढाताणीत गिरकी पुढे कशी बदलेल हे गणिताने मांडता येतं, पण ते गणित पडताळायला मोजमापच लागतं. म्हणूनच २०१३ चा आकडा कायमचा धरून चालणार नाही. वर्षाला तेरा सेकंद हे त्या सात महिन्यांपुरतं खरं.

परावर्तक नसलेल्यांचं काय

एन्व्हिसॅट नशीबवान. बहुतेक भंगारावर परावर्तक नसतात: रॉकेटचे रिकामे टप्पे, जुने उपग्रह, तुकडे. त्यांच्यावरून प्रकाश चहूकडे विखुरतो आणि ०.४ मिलिज्यूलचा स्पंद तिथे काहीच कामाचा नाही. ग्राझमध्येच यासाठी दुसरा लेझर लावून पाहिला गेला: सेकंदाला १,००० स्पंद, प्रत्येकात २५ मिलिज्यूल, साठ पटींहून जास्त. स्पंदाची लांबी मात्र १० नॅनोसेकंद, म्हणजे तीन मीटर. संध्याकाळच्या १३ सत्रांत भंगाराच्या ४३ वस्तूंचे ८५ पास मोजले गेले, ६०० ते २,५०० किलोमीटरपर्यंतचे, सरासरी ०.७ मीटरच्या अचूकतेने. मिलिमीटरांशी तुलना केली तर हे ढोबळ वाटेल; भंगाराच्या कक्षा ज्या अचूकतेने ठाऊक असतात तिच्याशी केली तर फारच चांगलं. ग्राझने सोडलेले आणि वस्तूवरून विखुरलेले फोटॉन स्वित्झर्लंडमधल्या त्सिमरवाल्ड वेधशाळेने पकडल्याचंही त्याच काळात सिद्ध झालं. एकाने लेझर मारायचा आणि अनेकांनी ऐकायचं, अशी विभागणी त्यामुळे शक्य दिसू लागली.

या पद्धतीची मोठी अडचण होती वेळेची. भंगाराची भाकितं इतकी सैल असतात की वस्तू डोळ्यांनी, म्हणजे कॅमेऱ्याने, दिसल्याशिवाय अरुंद किरण तिच्यावर नेमका बसत नाही. त्यासाठी जमिनीवर अंधार आणि वर ऊन हवं, आणि ते मिळतं फक्त संध्याकाळी आणि पहाटेच्या काही तासांत. मिखाएल श्टाइनडॉर्फर आणि ग्राझच्या गटाने २०२० मध्ये छापलेल्या कामात भरदिवसा निळ्या आकाशात वस्तू शोधून, किरणाची दिशा तिथल्या तिथे सुधारून, चार रॉकेट-टप्प्यांची अंतरं मोजून दाखवली.

पण विखुरलेल्या प्रकाशाने अंतर कळतं, गिरकीची अशी स्वच्छ लाट मिळणं कठीण. प्रकाश कधी या कोपऱ्यावरून येतो, कधी त्या. नऊ काचांच्या घुमटाने जे दिलं ते एका ठरावीक बिंदूने दिलं.

एन्व्हिसॅटला उतरवण्यासाठी ईसाने ई-डीऑर्बिट या मोहिमेचा अभ्यास बरीच वर्षं केला. ती प्रत्यक्षात आली नाही. त्यानंतरच्या क्लिअरस्पेस-१ साठी आधी रॉकेटचा एक जोडभाग आणि २०२४ मध्ये प्रोबा-१ हा उपग्रह ठरला, दोन्ही शंभरेक किलोच्या घरातले. एन्व्हिसॅट आहे तिथेच आहे.

या सगळ्या प्रकरणात नशिबाचा भाग किती होता हे मला विसरता येत नाही. परावर्तक एकाच अंगाला होता. उपग्रह मंदावताना किंवा डगमगताना अशा पवित्र्यात स्थिरावला असता की ते अंग कायम आकाशाकडे राहिलं असतं, तर ग्राझचे दोन हजार स्पंदही वायाच गेले असते. नव्या उपग्रहांवर परावर्तक बसवावेत ही सूचना आता बऱ्याचदा ऐकू येते. मी त्यात एवढीच भर घालेन की ते किमान दोन विरुद्ध अंगांना असावेत, आणि दोन्हींची मांडणी वेगळी असावी, म्हणजे परतलेला फोटॉन कुठल्या बाजूचा हे मोजमापावरूनच ओळखता येईल. उंचीमापनासाठी दुसऱ्या बाजूच्या काचेचा उपयोग शून्य, त्यामुळे मोहीम आखणारे तिला सहज कात्री लावतील. तिची गरज उपग्रह बंद पडल्यावरच लागते, आणि तोपर्यंत मोहिमेचं अंदाजपत्रक मिटलेलं असतं. म्हणून ही अट उड्डाणाचा परवाना देणाऱ्याने घालायला हवी.